मालगाडी येईपर्यंत

आश्विन सरत आला की परळीत गाड्यांचा आवाज बदलतो. पावसाळाभर तो जाड गोधडीखालून आल्यासारखा येत असतो. मग एके दिवशी हवा कोरडी होते, सोयाबीनच्या मळणीची धूळ उडायला लागते आणि संध्याकाळी ओट्यावर तांदूळ निवडत बसावं तर मालगाडी मागच्या अंगणातून गेल्यासारखी वाटते. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मी प्रत्येक गाडीला दचकायचे. आता एखादी रात्र गाडीशिवाय गेली तर झोप चाळवते. डबे भरलेले आहेत की रिकामे, हे मला न बघता सांगता येतं. भरलेली गाडी आधी पायाखालच्या जमिनीला कळते, रिकामी कानाला. या विद्येचा आयुष्यात कुठेही उपयोग झालेला नाही.

यंदा तो बदललेला आवाज ऐकला आणि मनात पहिला विचार आला, आता मला न्यायला कोण येणार?

सांगायला लाज वाटते. शाळेतून निवृत्त झालेली बाई मी. मुलींना इतकी वर्षं मराठी शिकवलं, स्वतःच्या पायावर उभ्या राहा म्हणून दर निरोप समारंभात भाषण ठोकलं. पण आमच्याकडे लेक दिवाळीला आपली आपण माहेरी जात नाही. मुराळी येतो. भाऊ असो, बाप असो, चुलत्याचा पोरगा असो, माहेरचं माणूस दारात येतं, पाणी पितं, ‘घेऊन जाऊ का?’ असं सासरच्या मोठ्या माणसाला विचारतं आणि मग लेक निघते. आपणच एसटीत बसून गेलं किंवा नवऱ्याने नेऊन सोडलं, तरी गाव तेच असतं, घर तेच असतं. पण कुणी न्यायला आलेलं नसतं.

माझा मुराळी म्हणजे दादा, माझा थोरला भाऊ. त्याला जाऊन आता दुसरी दिवाळी. पहिली दुःखाची होती, त्यामुळे कुणी कुणाकडे गेलं नाही. ते ठीक होतं, त्याला कारण होतं. यंदा तेही नाही.

दादाचं आष्टीच्या बाजारपेठेत दोरखंडाचं दुकान होतं. कासरे, दावी, म्होरक्या, बैलांच्या घुंगरमाळा, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. दिवाळीच्या तोंडावर धनगरांची आणि शेतकऱ्यांची तिथे झुंबड उडायची, आणि नेमकं तेव्हाच एक दिवस दुकानाला कुलूप लावून तो परळीला निघायचा. मुराळ्याने एकट्याने यायची रीत. आमचा मुराळी सहकुटुंब यायचा. पुढे दादा, शेजारी वहिनी, मागे महेश, त्यांचा एकुलता एक. जीप दुकानाचीच. तिला बारा महिने घायपाताच्या दोरांचा वास असायचा, आणि सीटखाली कायम एखादं घंटांचं पोतं राहिलेलं असायचं. त्यामुळे आम्ही खड्ड्यातून गेलो की मेंढरांचं सगळं खांड चालल्यासारखा आवाज व्हायचा, आणि रस्ता आपल्या बीड जिल्ह्यातला, म्हणजे आवाज थांबायचाच नाही.

दादा ओट्यावर टेकायचा आणि आमच्या ह्यांना विचारायचा, “न्यावं म्हणतो हिला.” ह्यांचं देवळाच्या रस्त्यावर बेल, विभूती, रुद्राक्षांचं दुकान, बोलणं मुळात मोजकं. ते म्हणायचे, “न्या. पण परत आणा.” हा विनोद दरवर्षी व्हायचा आणि दरवर्षी दोघंही हसायचे.

न्यायला आल्यावर दादाला भयंकर घाई. चहा संपायच्या आत उठायचा. आई वाट बघतीय, चला. अंबाजोगाई मागे पडली, केज गेलं, मांजरसुंब्याला रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या दिसल्या, तरी जीप थांबायची नाही. परत जाताना घेऊ म्हणायचा. लिंबागणेशच्या गणपतीला चालत्या गाडीतून हात. पाटोदा ओलांडलं की तो जरा सैल व्हायचा. आष्टीत शिरताना दिवेलागण झालेली असायची आणि आई खरंच दारात असायची. आई गेल्यावरही त्याची घाई तशीच राहिली. आता कोण वाट बघतंय रे, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “घर बघतंय की.”

आणि परत पोचवायला निघालो की हाच माणूस वेगळा. भाऊबीज झालेली असायची, कधीकधी मी पौर्णिमेपर्यंत राहिलेली असायचे. सकाळी निघायचं म्हणजे निघायचं ठरलेलं, पण जीपच्या चाकात हवा कमी निघायची. मग लिंबागणेशला उतरून दर्शन. मग कपिलधार. दादा लिंगपूजा केल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचा नाही, त्या दिवशीची पूजा तो कपिलधारलाच ठेवायचा, म्हणजे तिथे थांबणं भागच. यात्रेचे दिवस असले तर पायऱ्यांवर ही गर्दी. कार्तिकात धबधबा बारीक झालेला असतो, पण त्याच्याखाली दगड हिरवेगार आणि हवा ओली. वहिनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडायच्या. मग सीताफळं. तीही रस्त्यावर उभं राहून खायची, बिया कुणाच्या लांब जातात ते बघत. सावल्या लांबायला लागल्या तरी आमचं केज आलेलं नसायचं.

रस्त्यात ऊसतोडीला निघालेले ट्रक भेटायचे. वर संसार रचलेला, पत्र्याची पेटी, कोंबड्यांचा डालगा, त्यावर पाय सोडून बसलेल्या बाया. दिवाळी झाली की आमच्या भागातली गावं अशी भराभर रिकामी होतात, मागे म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात. दादा त्या ट्रकना आधी वाट द्यायचा. मागून-पुढून कुणीही आलं तरी द्यायचा. त्या दिवसापुरता तो जिल्ह्यातला सगळ्यात सभ्य ड्रायव्हर असायचा.

एवढं करूनही परळी यायचीच. तर गावात शिरायच्या आधी एक कच्चा रस्ता रुळांकडे वळतो, तिथे दादा जीप घालायचा. बाभळीखाली गाडी बंद करायचा, गळ्यात कॅमेरा अडकवायचा आणि म्हणायचा, “एक मालगाडी जाऊ द्या. फोटो काढतो. मंग सोडू हिला.”

आधी त्याच्याकडे रिळाचा कॅमेरा होता, मग छोटा डिजिटल, शेवटी फोन. हा त्याचा छंद म्हणून आमच्या सगळ्या गोतावळ्यात प्रसिद्ध होता. ज्या तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही त्या तालुक्यातल्या माणसाला गाडीचं अप्रूप वाटणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. आष्टीत मोठ्या झालेल्यांना गाडी म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. आईने तर एकदा मला विचारलं होतं, तुमच्या परळीची मालगाडी किती वाजता असते. मी समजावलं की तिला वेळापत्रक नसतं, कोळसा घेऊन ती निघते आणि पोचेल तेव्हा पोचते. बाकी सगळ्या गाड्यांना आधी जाऊ देते, तोवर कुठल्यातरी लहान स्टेशनात बाजूच्या रुळावर उभी राहते. आई म्हणाली, बाईमाणसासारखं झालं की हे. दादा तिथेच दोरांची गुंडाळी करत बसला होता. त्याने मान वर केली नाही, पण ऐकलं असणार.

तर आम्ही बाभळीखाली थांबायचो. पानांवर कोळशाची काळी भुकटी, त्यावर थर्मलच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या, राखेचा पांढरा थर. महेश रुळावर कान लावायचा आणि वहिनींचा धपाटा खायचा. कधी गाडी लगेच यायची. मग मी म्हणायचे, काढ आणि चल. तर दादा म्हणायचा, ही नीट आली न्हाई, पुढची बघू. कधी अंधारायला लागेपर्यंत काही यायचं नाही. मी वैतागायचे. घरी दूध नासलं असेल, सोमवारी शाळा, वह्या तपासायच्या पडल्यात. मनाने मी पुढे घरात पोचलेली असायचे, शरीर तेवढं बाभळीखाली. दादा तोंड रुळांकडे करून उभा.

त्याचे फोटो भलतेच वाईट असायचे. गाडीच्या मध्ये सिग्नलचा खांब. अर्ध्या फोटोवर अंगठा. कधी इंजिन निघून गेलेलं, नुसते डबे, तेही हललेले. मी त्याला शिकवायला जायचे की बघ, हे भरलेले, हे रिकामे, ही गाडी थर्मलकडे चाललीय, ही परत. तो हूं हूं करायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच विचारायचा. छंद असलेल्या माणसाला इतकी वर्षं इतकं कसं कळत नाही, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

तो शेवटचा कार्तिक मला लख्ख आठवतो. महेश पुण्याहून सुटीवर आला होता, गाडी त्याची होती, चालवतही तोच होता. दादाला तेव्हा दम लागायचा. कपिलधारला तो पायऱ्या उतरला नाही, वरच एका दगडावर बसून पूजा केली. आम्ही खाली जाऊन आलो तर शाल गुंडाळून तसाच बसलेला, समोर दरी आणि माकडं. सीताफळ घेतलं, पण खाल्लं नाही, हातात धरून बसला. नव्या गाडीत दोरांचा वास नव्हता, घंटा नव्हत्या, रस्ताही आता बराच सुधारलाय. त्यामुळे फारच शांतता होती. मी उगाच काहीबाही बोलत राहिले.

परळीजवळ महेश सरळच निघाला होता. दादाने हात दाखवून गाडी कच्च्या रस्त्याला घ्यायला लावली. आम्ही थांबलो. थर्मलचे जुने संच बंद पडल्यापासून गाड्याही कमी झाल्यात, हे मला माहीत होतं, दादाला मी सांगितलंही. तो ऐकून घेऊन थांबला. गाडीचं दार उघडं ठेवून, एक पाय खाली टेकवून बसलेला. महेशने दोनदा घड्याळ पाहिलं. त्याला दुसऱ्या दिवशी पुण्याला निघायचं होतं. म्हणाला, “पप्पा, निघू आता. आत्या इथंच तर राहती, ती काढून पाठवील की फोटो.”

“थांब बे,” दादा म्हणाला. “येईल.”

वहिनींनी थर्मासमधला चहा ओतला. त्या कपातच बघत होत्या. मला वाटलं, त्याही कंटाळल्यात. सूर्य थर्मलच्या चिमण्यांमागे गेला, बगळे परतले, सिग्नल लालचा हिरवा झाला. दादा दाराला धरून उभा राहिला. आणि आलं ते नुसतं इंजिन. मागे एकही डबा नाही. संथपणे समोरून गेलं, ड्रायव्हरने आमच्याकडे एकदा बघितलं. दादाने फोन वर धरून त्याचा फोटो काढला.

मी म्हटलं, “अरे, ही कुठं मालगाडी?”

“हीबी मालगाडीच हाय,” तो म्हणाला. “माल काय मागून येईल. चला, सोडू हिला.”

दारात त्याने चहा घेतला नाही. गाडीतूनच हात केला. पौषात तो गेला.

त्याच्या हयातीतच आष्टीला रेल्वे आली. पिढ्यान्‌पिढ्या नुसती बोलण्यात असलेली गाडी खरोखरीची स्टेशनात उभी राहिली, लोक लेकरांना घेऊन बघायला गेले. त्याआधी कितीतरी दिवस खडीच्या, रुळांच्या मालगाड्या तिथे येऊन उभ्या राहायच्या. मी फोनवर दादाला म्हटलं, आता तुझी चंगळ, काढ हवे तितके फोटो. म्हणाला, बघतो. तो गेलाच नाही. दुकानापासून रिक्षाने जाण्याएवढं स्टेशन, पण एक फोटो त्याने तिथे काढला नाही. मला वाटलं, तब्येत. आता गाडी बीडपर्यंत आलीय. इकडे परळीचे रूळ जुनेच आहेत. मधला तुकडा व्हायचाय. तो झाला की माझ्या सासरी बसून माहेरी उतरता येईल, असं लोक मला कौतुकाने सांगतात. मी हो म्हणते.

या आश्विनात महेशचा फोन आला. दादाच्या जुन्या कॉम्प्युटरात जागा करत होता, तर त्यात मालगाड्याच मालगाड्या. विचारत होता, आत्या, ठेवू का काढून टाकू. पाठव म्हटलं मला. त्याने पाठवले. ओट्यावर बसून मी ते एकेक बघितले. सगळे संध्याकाळचे. सगळे त्याच बाभळीपाशी. आणि सगळे कार्तिकातले. आश्विनातला एक नाही. न्यायला आला तेव्हाचा एकही नाही.

मी वहिनींना फोन लावला. त्या आष्टीच्या घरात एकट्या असतात. रोज दुकान उघडतात, गिऱ्हाईक आता फारसं येत नाही, तरी उघडतात. मी म्हटलं, वहिनी, दादाला खरंच गाड्यांची आवड होती का हो. त्या म्हणाल्या,

“वन्सं, त्यांना गाड्याबिड्यांचं काई न्हवतं. तुमाला सोडायचं त्यांच्या जिवावर यायचं. मी एकदा इचारलं, कावून थांबता हो दरसाल त्या कोळशापाशी? तर म्हनले, मालगाडीला टाइम नसतो, तेवढंच बरं हाय.”

मी फोन ठेवला आणि रडले. हे दुकानातून आले, मला तसं बघून परत ओट्यावर जाऊन बसले. त्यांना कळलं असावं किंवा नसावं. इतकी वर्षं एक माणूस मला धरून ठेवत होता आणि मी तिथे उभी राहून नासलेल्या दुधाचा विचार करत होते. त्याने सांगितलं का नाही, असं नाही विचारणार मी. भावाने बहिणीला असं काही सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. फोटो काढायची आहे.

नंतरचे दिवस वाईट गेले. गल्लीत लेकीबाळी यायला लागल्या. समोरच्यांच्या सुनेला न्यायला तिचा भाऊ मोटारसायकलवर आला, बिचारा उन्हाने लाल झालेला, त्याला मी पाणी नेऊन दिलं आणि निष्कारण त्याच्याशी गप्पा मारत बसले. रिक्षा थांबली की माझं लक्ष दाराकडे. कोण येणार होतं? तरी जायचं. आमची लेक बंगळुरात, जावयाबरोबर तिथेच दिवाळी करते. महेशचा पुन्हा फोन आला. गुणी पोरगा. म्हणाला, आत्या, तूच पुण्याला ये ना. आई तर हलायला तयार नाही. मी गाडी बुक करून देतो, दारातून दारात. मी म्हटलं, बघते. हे म्हणाले, मीच सोडतो तुला आष्टीला. त्यांनाही बघते म्हटलं.

त्या संध्याकाळी चकलीची भाजणी दळून आणली आणि डबा तसाच ठेवून बसले. एक भरलेली गाडी गेली. ओटा हलला. आणि मला एकदम वहिनींचं आठवलं. त्यांचं माहेर करमाळ्याकडचं. आईवडील लवकर गेले, भाऊ नव्हताच. दर दिवाळीला आमचं सगळं घर माझ्यासाठी गाडीत बसून निघायचं, त्यात त्या पुढच्या सीटवर बसायच्या, दशम्या बांधून, थर्मास भरून. दुसऱ्याच्या लेकीला आणायला आणि पोचवायला. त्यांना न्यायला कुणी आलेलं मी माझ्या आठवणीत पाहिलं नाही. आणि मी आपली माझा मुराळी बंद झाला म्हणून उंबऱ्याशी बसले होते.

सकाळी मी ह्यांना म्हटलं, मी आष्टीला जाऊन येते. हे म्हणाले, एकटी? म्हटलं, मुराळी एकटाच जातो.

एसटी अंबाजोगाईला भरली. मला खिडकी मिळाली. हा रस्ता मी असा उलट्या मनाने कधी बघितला नव्हता. सीताफळवाल्या होत्या, दिवाळीआधीच निघालेले ट्रक होते, त्यावर पाय सोडून बसलेल्या बाया होत्या, लिंबागणेशला मी हात जोडले. मला घाई झाली होती. ड्रायव्हर पाटोद्याला चहाला उतरला, तेव्हा मला त्याचा राग आला.

दुकान उघडं होतं. वहिनी आत दोराच्या भेंडोळ्यावर बसल्या होत्या, पंख्याच्या वाऱ्यात, समोर कुणी नाही. मला बघून त्या घाबरल्याच. “काय झालं वन्सं? भावजी बरे हायत ना?”

बरे आहेत म्हटलं. पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर मी सांगितलं, “वहिनी, मी मुराळी म्हणून आलेय. तुम्हाला न्यायला.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. थट्टा करतेय की काय ते शोधत होत्या. मग म्हणाल्या, “बाई कुठं मुराळी आसती का?”

“भाऊ नाही तुम्हाला,” मी म्हटलं. “नणंद आहे.”

त्या तांब्या उचलून दुकानामागच्या घरात गेल्या. बराच वेळ आतून कपाट उघडल्याचा, काहीतरी ओढल्याचा आवाज येत राहिला. मी दुकानात बसून राहिले. एक धनगर घंटा विचारायला आला, त्याला मी उद्या ये म्हटलं, मग आठवलं की उद्या दुकान बंद असणार, आणि त्याला परत हाक मारली.

वहिनी दारात आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत दोन रिकाम्या पिशव्या होत्या. साठी ओलांडलेली बाई, नवीन लग्न झालेल्या पोरीसारखी माझ्याकडे न बघता उभी. किती दिवस ठेवून घेणार, हे मुराळ्याला तोंडाने विचारता येत नाही.

“लहान घेऊ का मोठी?” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “मोठी घ्या.”